अजून आहेत का?

जुना चित्रपट चालू असतो. नायकाच्या मागे उभा राहून दोन वाक्यं बोलून जाणारा एखादा चेहरा ओळखीचा वाटतो आणि हात आपोआप फोनकडे जातो. नाव सापडतं, जन्मतारीख सापडते, पण डोळे शोधत असतात ती त्यापुढची आडवी रेघ. रेघेपलीकडे दुसरी तारीख आहे की नाही? नसली तर तोंडातून निघतं, "अरे, अजून आहेत का?" त्या बाईंनी किंवा बुवांनी पुढे काय काय केलं हे वाचायचं राहूनच जातं. आहेत की गेले एवढं कळलं की माझं काम झालं, चित्रपट पुढे सुरू.

ही खोड माझ्या एकट्याची नाही. त्या-त्या वर्षी मरण पावलेल्या नामवंतांची यादी देणारं एक पान इंग्रजी विकिपीडियावर असतं. २०२४ साली त्या अख्ख्या विश्वकोशात सर्वाधिक उघडलं गेलेलं पान तेच होतं. चार कोटींहून जास्त वेळा. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, ऑलिम्पिक होतं, दोन युद्धं पेटलेली होती. लोक मात्र पुन्हा पुन्हा जाऊन बघत होते, आज कोण गेलं.

यात विकृत असं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अभ्यासकांनी १९५६ साली टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल लिहिताना अशा नात्याला 'पॅरासोशल' असं नाव दिलं होतं. आपण त्याला एकतर्फी ओळख म्हणू. पडद्यावरच्या माणसाला आपण ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही, पण मनाला हा फरक कळत नाही. ज्याचा आवाज वडिलांच्या आवाजाइतका कानात बसलेला आहे, तो आजारी पडला तर चौकशी करावीशी वाटणारच. शिवाय त्याच्या वयावरून आपलं वय मोजलं जातं. ज्याचे फोटो कापून वहीत चिकटवले तो पंच्याऐंशीचा झाला, म्हणजे आपली साठी कुठे लपवायची?

२०१६ हे वर्ष अनेकांना शापित वाटलं होतं. जानेवारीत गायक डेव्हिड बोवी गेला, एप्रिलमध्ये गायक प्रिन्स, जूनमध्ये मुहम्मद अली, आणि नाताळच्या दिवशी जॉर्ज मायकल. बीबीसीकडे नामवंतांचे मृत्युलेख आधीच तयार करून ठेवलेले असतात. २०१२ च्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांतले पाच बाहेर काढावे लागले होते; २०१६ च्या त्याच तीन महिन्यांत चोवीस. तिथे हे खातं सांभाळणाऱ्या निक सर्पेल यांनी दिलेलं कारण अगदी साधं होतं. साठच्या दशकात टीव्ही आणि पॉप संगीतामुळे प्रसिद्ध माणसांचं भरघोस पीक आलं, आणि ते पीक आता सत्तरीत पोचलं होतं. त्याआधी प्रसिद्ध माणसं मोजकी होती, त्यामुळे त्यांची मरणंही मोजकीच. त्यानंतर वाहिन्या वाढल्या, क्रिकेट वाढलं, मालिका वाढल्या, आणि प्रसिद्धांची संख्या कुठच्या कुठे गेली. ही सगळी माणसं म्हातारी होणार आहेत. म्हणजे आठवड्यातून एकदा येणारी ही बातमी रोज सकाळ-संध्याकाळ येईल असे दिवस दूर नाहीत. तेव्हा ती कशी मागायची आणि कशी द्यायची, याची काही रीत आपल्याला ठरवावी लागेल.

मला खुपतं ते कुतूहल नव्हे. चौकशी करता करता आपण कधी वाट पाहायला लागतो हे आपल्याला कळत नाही, ते खुपतं.

मृत्युलेख आधी लिहून ठेवणाऱ्यांना मी यात धरत नाही. लोकांना ते क्रूर वाटतं, मला ती आदराची गोष्ट वाटते. चांगला मृत्युलेख माणसाच्या कामाचा हिशोब मांडतो, त्याला वेळ लागतो, आणि मरणाच्या दिवशी वेळ कुणाकडेच नसतो. २००३ मध्ये विनोदी नट बॉब होप शंभरी पार करून गेले. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांचा मृत्युलेख आला तो व्हिन्सेंट कॅन्बी यांच्या नावाने, आणि कॅन्बी स्वतः २००० सालीच वारले होते. ज्याच्यावर लेख लिहिला तो लेखकाच्या नंतर तीन वर्षं जगला. एलिझाबेथ टेलर यांच्याही बाबतीत २०११ मध्ये असंच झालं. त्यांचा मृत्युलेखकार सहा वर्षं आधी गेला होता. याच वृत्तपत्राने काही नामवंतांना जिवंतपणीच कॅमेऱ्यासमोर बसवून, गेल्यावर दाखवायच्या मुलाखती घेतल्या. त्यांतले विनोदकार आर्ट बुकवाल्ड तर स्वतःची ओळख करून देत, मी आत्ताच वारलो, असं हसत सांगून मोकळे झाले. अशी तयारी आणि आपली पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाळत कुठवर जाऊ शकते, हे बघायचं तर १९३६ सालात जावं लागेल. २० जानेवारीची रात्र. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज सँड्रिंगहॅमच्या वाड्यात अत्यवस्थ होते. राजांचं आयुष्य शांतपणे अखेरीकडे सरकत आहे, अशा अर्थाचं पत्रक त्यांचे वैद्य लॉर्ड डॉसन यांनी काढलं होतं, आणि देश रेडिओला कान लावून बसला होता. रात्री अकराच्या सुमारास डॉसन यांनी राजांना आधी मॉर्फिन आणि मग कोकेन टोचलं. मध्यरात्रीला पाच मिनिटं असताना राजे गेले. त्या इंजेक्शनांबद्दल पुढची पन्नास वर्षं कुणाला काही ठाऊक नव्हतं. १९८६ मध्ये डॉसन यांची टिपणं प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की त्यांनी हे मरण मुद्दाम लवकर आणलं. का, तेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. राजांची आणि राजघराण्याची प्रतिष्ठा हे एक कारण. दुसरं असं, की बातमी लंडनच्या सकाळच्या 'टाइम्स'ला मिळावी, संध्याकाळच्या कमी प्रतिष्ठित वृत्तपत्रांच्या हाती ती पहिली लागू नये. लंडनमधल्या आपल्या पत्नीकडून त्यांनी 'टाइम्स'ला अंक थांबवून ठेवायचा निरोपही धाडला होता.

राजाच्या मरणाचा मुहूर्त छापखान्याने काढला. डॉसन यांना त्यात फारसं वावगं वाटलं नसावं, नाहीतर त्यांनी ते लिहून ठेवलं नसतं. वाचकांचा समुदाय ताटकळतो आहे, त्याला योग्य वेळी, योग्य वृत्तपत्रातून बातमी मिळाली पाहिजे, हे त्यांना कर्तव्य वाटलं. आज कुणी सुई घेऊन येत नाही. पण छापखान्याची ती वेळ आता मिनिटांवर, सेकंदांवर आली आहे, आणि मरण त्या वेगाने येत नसेल तर आपण ते आधीच जाहीर करून टाकतो.

हे कसं घडतं त्याचा एक ठरलेला क्रम आहे. 'व्हेंटिलेटर' हा शब्द रुग्णालयाबाहेर येतो. कुठली तरी वाहिनी 'निधन' असं म्हणून मोकळी होते. बाकीच्यांना मागे राहणं परवडत नाही. मग कुणी मंत्री, कुणी राज्यपाल, कुणी नट श्रद्धांजली वाहतो. त्याने ती वाहिन्यांवर विसंबून वाहिलेली असते, आणि वाहिन्या लगेच त्याच श्रद्धांजलीकडे बोट दाखवतात: बघा, दुजोरा मिळाला. साप स्वतःची शेपटी गिळतो तसं हे वर्तुळ पूर्ण होतं. १६ ऑगस्ट २०१८ रोजी अटलबिहारी वाजपेयी जिवंत असताना राज्यपालपदावरच्या व्यक्तीनेच त्यांना श्रद्धांजली वाहिली होती आणि नंतर माफी मागितली. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले गेल्याचं रात्रीतून सगळीकडे पसरलं. ते अजून आहेत, प्रकृती गंभीर आहे, हे घरच्यांना सांगत बसावं लागलं. दोन-तीन दिवसांनी, २६ तारखेला ते खरंच गेले.

आणि ११ नोव्हेंबर २०२५. धर्मेंद्र उपचार घेत होते आणि देशभर त्यांचे मृत्युलेख फिरत होते. मुलीला आणि पत्नीला जाहीरपणे सांगावं लागलं की ते आहेत, उपचारांना प्रतिसाद देत आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी नेलं, तर घराबाहेर कॅमेऱ्यांची रांग. सनी देओल यांनी तिथल्या छायाचित्रकारांना हात जोडून झापलं, तुमच्याही घरी आई-वडील आहेत ना, या अर्थाचं काहीतरी ते बोलले. २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र गेले. नव्वदावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. ती बातमी आली तेव्हा मी पहिल्यांदा म्हणालो, "खरं आहे का?" हळहळ नंतर आली. खोट्या बातमीने एवढं तरी करून ठेवलं होतं, की खऱ्या बातमीच्या वाट्याचं दुःखही आधी तपासून घ्यावं लागलं.

असं पुन्हा पुन्हा का होतं? कारण हिशोब एका बाजूला झुकलेला आहे. पहिलं येण्याचे पैसे मिळतात आणि चुकल्याची किंमत म्हणजे एक पोस्ट पुसणं. कुटुंबाने किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय 'निधन' हा शब्द वापरायचा नाही, श्रद्धांजलीला पुरावा मानायचं नाही, आणि चूक झाली तर चुकीइतक्याच मोठ्या अक्षरांत कबूल करायची, एवढे तीन नियम संपादकांनी पाळले तरी निम्मा त्रास मिटेल. पण फक्त संपादकांना दोष देणं मला जमत नाही. "खरंय का रे?" असं लिहून तीच पोस्ट पुढे ढकलणारे आपणच असतो. प्रश्नचिन्ह लावलं की आपण जबाबदारीतून सुटलो, असं आपल्याला वाटतं.

या सगळ्यात भाषाही कामाला लागते. 'प्रकृती स्थिर' या शब्दांचा अर्थ नेमका काय, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. वाईट अवस्थाही स्थिर असू शकते. दिलीपकुमार यांच्या अखेरच्या आजारपणात त्यांच्याच खात्यावरून घरच्यांना लिहावं लागलं होतं, की व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. लता मंगेशकर महिनाभर रुग्णालयात होत्या, तेव्हाही अफवा थांबवा अशी विनंती वेळोवेळी करावी लागली. म्हणजे एका बाजूला आजारी माणसाची शुश्रूषा आणि दुसऱ्या बाजूला ते मेले नाहीत हे सिद्ध करण्याची नोकरी. नेल्सन मंडेला २०१३ च्या जूनपासून रुग्णालयात होते आणि जगभरचे कॅमेरे बाहेर तळ ठोकून होते. त्यांच्या मुलीने या घोळक्याला गिधाडांची उपमा दिली. लोकांना ती फार कडू वाटली. मला ती अचूक वाटते. त्यांचा पंच्याण्णवावा वाढदिवस त्याच मुक्कामात आला, जगभर साजरा झाला. ते गेले डिसेंबरमध्ये.

वाढदिवसांचंही बघा. पंच्याऐंशीच्या पुढचा वाढदिवस साजरा करण्यात हजेरी घेतल्याचा सूर असतो. 'आजही तितकेच चिरतरुण' हे वाक्य त्यात हमखास येतं. म्हाताऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं कौतुक काय, तर तो म्हातारा दिसत नाही! सुरकुत्या, थरथरणारे हात, ऐकू न येणं, यांना या कौतुकात जागा नसते. त्यांच्यासाठी वेगळी बातमी असते, 'ओळखणंही कठीण' या मथळ्याची. एकाच माणसाला सकाळी चिरतरुण आणि संध्याकाळी ओळखू न येणारा ठरवणारे हात तेच असतात. शंभरीचा आकडा तर आपल्याला वेडच लावतो. अमेरिकन अभिनेत्री बेटी व्हाइट १७ जानेवारी २०२२ रोजी शंभर वर्षांच्या होणार होत्या. त्यांच्या शंभरीचा विशेषांक एका मासिकाने आधीच दुकानांत पाठवला होता. त्या ३१ डिसेंबरला गेल्या, सतरा दिवस आधी. हळहळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा सूर असा होता, जणू बाईंनी धावसंख्येचं शतक नव्याण्णववर घालवलं. नव्याण्णव वर्षांचं आयुष्य, त्यात कित्येक दशकांचा अभिनय, आणि आपण त्यात शोधली ती उणीव.

आता नेहमीचा आक्षेप. प्रसिद्धी हवी होती ना? मग आता तक्रार कसली? यात थोडं तथ्य आहे, पण ते भलत्याच माणसांना लागू केलं जातं. ज्याच्या सहीवर युद्ध सुरू होतं, त्याचं शरीर हा सार्वजनिक प्रश्न आहे. ऑक्टोबर १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला आणि कितीतरी महिने पत्नीने आणि डॉक्टरने त्याची खरी तीव्रता देशाला कळू दिली नाही. १९५३ मध्ये पंतप्रधान असताना चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांच्या मर्जीतल्या वृत्तपत्रमालकांनी तो दाबला. फ्रान्सचे मितराँ १९८१ मध्ये अध्यक्ष झाले, त्याच वर्षी त्यांना कर्करोगाचं निदान झालं, आणि लोकांना ते १९९२ मध्ये कळलं. मधली अकरा वर्षं त्यांच्या तब्येतीची पत्रकं नियमित निघत होती आणि ती खोटी होती. इथे विचारायचा हक्क होता, आणि इथेच कुणी पुरेसं विचारलं नाही. ज्याने आयुष्यभर गाणी म्हटली, त्याच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मात्र आपल्याला तासातासाला हवा असतो. सत्तेला जो प्रश्न विचारायचा, तो आपण कलावंताला विचारतो, कारण कलावंताच्या दारात सुरक्षारक्षक कमी असतात.

कलावंताने तिकीट विकलं ते कामाचं. त्यात म्हातारपण समाविष्ट नव्हतं. ते दाखवायचं की नाही हे त्याने ठरवावं, आणि दोन्ही निवडी सारख्याच मानाने घ्याव्यात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी पार्किन्सनने वाकलेलं शरीर अखेरपर्यंत लोकांसमोर ठेवलं. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग होता. हॉलिवूडचा नट मायकल जे. फॉक्सला १९९१ मध्ये तोच आजार झाला. सात वर्षं त्याने तो स्वतःपाशी ठेवला, १९९८ मध्ये सांगितला आणि मग त्यावरच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. नट ब्रूस विलिसच्या कुटुंबाने २०२३ मध्ये त्याच्या स्मृतिभ्रंशाचा नेमका प्रकार जाहीर केला, तेव्हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हे नाव पहिल्यांदा ऐकलेली कितीतरी माणसं होती. पुढच्याच महिन्यात त्याच्या पत्नीने रस्त्यात त्याच्यावर ओरडणाऱ्या छायाचित्रकारांना विनवलं, जरा अंतर ठेवा. आजार सांगितला म्हणजे शरीर खुलं केलं, असा अर्थ त्यांनी काढला होता.

याउलट बोवीने दीड वर्ष कर्करोग लपवला. ८ जानेवारीला, एकोणसत्तराव्या वाढदिवशी, शेवटचा अल्बम आणला आणि दोन दिवसांनी गेला. लोकांना अल्बम आधी मिळाला, आजार नंतर कळला. हा क्रम मला फार योग्य वाटतो. सुचित्रा सेन यांनी १९७८ नंतर लोकांपुढे यायचंच सोडलं आणि २०१४ मध्ये गेल्या त्या त्याच हट्टाने. पडद्यावरचा चेहरा लोकांकडे राहू दे, घरातला माझा, असा तो साधा हिशोब असावा. त्याला 'गूढ' म्हणून आपण तीन-साडेतीन दशकं चघळलं.

तरीही पाळतीतून कधीतरी काही चांगलं हाती लागतं, हे मान्य करायला हवं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉस्पिसची वाट धरली, म्हणजे आजाराशी झुंज थांबवून फक्त वेदनाशमन. वय अठ्ठ्याण्णव. त्या आठवड्यात जगाने त्यांचा निरोप घेऊन टाकला. लेख छापून झाले, आठवणी सांगून झाल्या. आणि कार्टर जगत राहिले. नोव्हेंबरमध्ये सत्त्याहत्तर वर्षांचा संसार केलेल्या पत्नीच्या अंत्यविधीला ते चाकांच्या खुर्चीतून, पांघरूण घेऊन आले. १ ऑक्टोबर २०२४ ला शंभरी पूर्ण केली. त्याच महिन्यात टपालाने मतदान केलं. गेले ते २९ डिसेंबरला. हॉस्पिस म्हणजे दोन-चार दिवसांचा मामला अशी ज्यांची समजूत होती, त्यांना बावीस महिने हा धडा मिळत राहिला. मलाही मिळाला. पण त्यासाठी फेब्रुवारीत घेतलेला निरोप आधी गिळावा लागला.

जुन्या हॉलिवूडची अभिनेत्री मार्लिन डीट्रिखची आठवण इथे येते. आयुष्याची शेवटची दहा-बारा वर्षं ती पॅरिसमधल्या घरातून फारशी बाहेर पडली नाही. १९८२ मध्ये मॅक्सिमिलियन शेल तिच्यावर माहितीपट करायला गेला. तो स्वतः नट, तिच्याबरोबर काम केलेला. तिने बोलायचं कबूल केलं, कॅमेऱ्याला साफ नकार दिला. माझे फोटो पुरेसे काढून झाले आहेत, असं तिचं म्हणणं. शेलने विनवण्या केल्या, भांडण केलं, ती बधली नाही. शेवटी त्याने जुन्या चित्रपटांचे तुकडे घेतले आणि त्यांवर तिचा आत्ताचा आवाज ठेवला: चिडका, हजरजबाबी, मधेच भाषा बदलणारा, एका कवितेपाशी भरून येणारा. ऐंशीची डीट्रिख दिसते कशी, हे त्या संपूर्ण माहितीपटात कुठेही कळत नाही. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.